कडक हँडल, हलकं हँडल

सन दोन हजारच्या पुढं कधीतरी दादाच्या लेकीनं पुण्याहून एक गेमचं यंत्र आणलं. हातात रिमोट धरून टीव्हीसमोर उभं राहायचं, हात फिरवला की पडद्यावरचा माणूस चेंडू टोलवतो. आमच्या आईनं सत्तरी ओलांडली होती, पण ती पदर खोचून उभी राहिली आणि नातीला दोनदा हरवलं. पोरगी हसत हसत सांगत होती, की वर्षानुवर्षं गेम खेळणारी मंडळी हे यंत्र काढणाऱ्या कंपनीवर चिडून आहेत. त्यांचं म्हणणं, आम्ही इतकी वर्षं तुमच्याशी इमान राखलं आणि तुम्ही आता म्हाताऱ्याकोताऱ्यांसाठी खेळणी काढायला लागलात. कंपनीला मात्र दोघंही हवेत. "आत्या, तू असतीस तर काय केलं असतंस?" तिनं मला विचारलं.

मी दादाकडं बघितलं, दादानं माझ्याकडं. पोरीला काय ठाऊक, की तिच्या बापाचं आणि माझं सगळ्यात मोठं भांडण याच गोष्टीवरून झालं होतं. आमच्या भांडणात तिसऱ्याच माणसाचं नुकसान झालं, आणि ते केलं होतं मी. तिला मी म्हटलं, "पोहे खा आधी." सांगितलं काहीच नाही. म्हणून इथं लिहितेय.

नव्वदच्या दशकाच्या मधल्या वर्षांत आम्ही दोघं व्हिडिओ गेमच्या पेट्या बनवत होतो. दादा कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर कामाला होता. मी रेडिओ-टीव्हीचा आयटीआय केलेला, वर्गात आम्ही दोनच मुली. आमच्या गावाहून, गडमुडशिंगीहून, सकाळची बस धरायची आणि राजारामपुरीत यायचं. तिथं क्लासेसच्या बोळात आमचा गाळा होता. प्लायवुडचा सांगाडा, जुन्या टीव्हीचा पडदा, मुंबईहून येणारं गेमचं कार्ड, आणि पुढं हँडल आणि तीन बटणं. जोडणी माझी, हँडल दादाचं. काही पेट्या बाहेर विकायच्या आणि सहा आमच्याच गाळ्यात चालायच्या. गेम मुंबईचा असला तरी तो हाताला कसा लागायचा हे आम्ही ठरवत होतो. हँडलखाली स्प्रिंग कुठली घालायची आणि कार्डावरची बारकी बटणं कुठं सरकवायची, यावर गेम सोपा की अवघड ते ठरायचं.

गाळ्यात दोन जातीची माणसं यायची. जात म्हणजे ती नव्हे, ती आम्ही पायरीखाली ठेवायला लावायचो. एक पट्टीचे. कॉलेजची, फाउंड्रीतली, गॅरेजातली तरणी माणसं, रोज येणारी. एका नाण्यात अर्धा तास खेळायची आणि मागं त्यांना बघायला गर्दी. दुसरे आमचे पावणे. क्लास सुटेस्तोवर ताटकळणाऱ्या आया, दवाखान्यात नंबर लावून आलेले, बाजाराला आलेले. ते एका मिनिटात मरायचे, कसनुसं हसायचे आणि निघून जायचे. मला त्या कसनुसं हसण्याचा राग यायचा. आपण पेटी केली आणि माणूस तिच्यापुढं ओशाळा झाला, तर ती पेटी कसली.

दादाला यातलं काही पटायचं नाही. त्याचं हँडल म्हणजे कडक. जाड तारेची स्प्रिंग, पितळेचं बुश, सोडलं की खटकन मधोमध. "जो रोज येतोय त्याचा मान ऱ्हायला पायजे," तो म्हणायचा. "त्यो मनगट घासतोय हितं. पावणं काय, आज हाय, उद्या न्हाय."

"उद्या न्हाय कारण तू त्याला आज हाकलतोस," मी म्हणायचे.

जोतिबाच्या यात्रेत माझं म्हणणं खरं ठरलं असं मला वाटलं. आम्ही बौद्ध, आमचा त्या डोंगराशी देवापुरता काही संबंध नाही, पण यात्रेत राहुटी टाकून तीन पेट्या लावायला कोण नको म्हणतंय. पहिल्या वर्षी गुलाल हँडलात जाऊन सगळे कॉन्टॅक्ट बसले. दुसऱ्या वर्षी मी हँडलांना सायकलच्या ट्यूबचे मोजे घातले आणि दादाला न विचारता पातळ तारेच्या हलक्या स्प्रिंगा बसवल्या. भुवयांपर्यंत गुलाबी झालेले आजोबा विमान उडवत होते आणि शेजारची त्यांची म्हातारी "आता माझी पाळी" म्हणून त्यांना ढकलत होती. मी आजवर केलेल्या कामातलं ते मला सगळ्यात आवडलेलं काम. दादा आला, हँडल दोन बोटांनी हलवलं आणि म्हणाला, "ह्ये हँडल हाय का वरणातली पळी?" मी त्या दिवशी त्याच्याशी बोलले नाही.

मग आईनंच तोडगा काढला. पेटी तयार झाली की आधी तिच्यावर आई खेळणार, मग दादाचा वस्ताद खेळणार. दोघं हो म्हणाले तरच पेटी गाळ्याबाहेर जाणार. आईनं मिनिटभर तग धरला पाहिजे आणि वस्तादाला कंटाळा येता कामा नये. ऐकायला सोपं, करायला महाकठीण. एकेका पेटीला आम्ही आठवडा घालवायचो.

या वस्तादाबद्दल सांगायला पाहिजे. बाविशीचा असेल. फाउंड्रीत मोल्डिंगला होता, नखांत काळी वाळू कायम. विमानाच्या गेममध्ये शेवटच्या टप्प्यापर्यंत जाणारा आमच्याकडं तो एकटा. तालमीतल्यासारखं सगळे त्याला वस्ताद म्हणायचे आणि तो लाजायचा. लाजायला कारण होतं. त्याचा बाप खराखुरा पैलवान, पेठेतला, ऐन उमेदीत नाव कमावलेला, आता चार म्हशी बाळगून होता. पोरानं सोळाव्या वर्षी तालीम सोडली. त्याचा दम उखडायचा, छातीत घरघर व्हायची. पण बापानं ते दुखणं मानलंच नाही. त्याच्या लेखी पोरगं पळपुटं. एका घरात राहून बाप त्याच्याशी कामापुरतं बोलायचा. आमच्या गाळ्याबद्दल त्याला कळलं तेव्हा म्हणाला म्हणे, "खोक्यापुढं हुबं ऱ्हाऊन कुणी वस्ताद हुत असतंय व्हय?"

हे वस्तादानंच मला सांगितलं होतं, मी त्याच्या पेटीचं बटण बदलत असताना, माझ्याकडं न बघता. मी म्हटलं, "मग बापाला एकदा दाखव की." तो म्हणाला, "आला तर पायजे. एकदा खुर्चीत बसून बघू दे त्यानं, मग काय बी म्हणू दे."

दादाच्या डोक्यात ते बसलं. त्यानं मैदान भरवायचं ठरवलं. कुस्तीचं भरतं अगदी तसं, फक्त गेमचं. गाळ्यासमोरच्या बोळात मांडव, हलगीवाला, विजेत्याला फेटा, आणि दादानं स्वतः लेथवर काढलेली सागवानी गदा. इचलकरंजीहून एक नामांकित खेळणारा येणार होता. कुस्तीच्या मैदानात माईकवर बोलणारा एक गृहस्थही दादानं धरून आणला. त्याला गेममधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण आवाज पहाडी होता. आणि मुख्य म्हणजे दादा पानसुपारी घेऊन वस्तादाच्या घरी गेला. म्हाताऱ्या पैलवानांना मैदानाचं आवतण देतात तसं रीतसर दिलं. आवतण रीतसर आलं की जुना पैलवान नाही म्हणत नाही. बाप येतो म्हणाला. त्या दिवशी वस्ताद आमच्याकडं आला आणि खेळलाच नाही. पेट्यांवर उगीच फडकं मारत बसला. गदेचं त्याला काही नव्हतं, बाप खुर्चीत बसणार एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

मैदानासाठी दादानं नवी पेटी केली, आणि ही विकायची नाही म्हणून आईला खेळायला दिलीच नाही. हँडल इतकं कडक की माझ्या मनगटाला कळ यायची. वस्ताद महिनाभर तसल्याच हँडलावर सराव करत होता.

आदल्या दिवशी दुपारी आई गावातल्या सात-आठ बायका घेऊन आली. बाजार झाला होता, बसला वेळ होता, आणि आईला लेकीचं कौतुक दाखवायचं होतं. बायका नव्या पेटीपुढं उभ्या राहिल्या. पहिली मेली, दुसरी मेली, तिसरीनं हँडल दोन्ही हातांनी ओढलं आणि तेच कसनुसं हसली. माझं डोकं सटकलं. चार नट सोडले, जाड स्प्रिंग काढली, यात्रेतली हलकी घातली. मग काय विचारता. बायकांनी असा कालवा केला की शेजारच्या क्लासच्या सरांनी येऊन हात जोडले.

बायका गेल्या. स्प्रिंग माझ्या हातात होती. परत घालायला पाच मिनिटं लागली असती. मी विसरले असं मी पुढचे आठ-दहा दिवस लोकांना सांगितलं, स्वतःलाही सांगितलं. खरं तसं नव्हतं. मला वाटलं, वस्ताद तो वस्ताद, हलक्यावर तर आणखीच सहज जिंकेल. आणि जिंकला की सगळ्या मांडवासमोर दादाला सांगेन, बघ, तुझं कडक हँडल नव्हतं तरी जिंकला, आता बोल. दादाला गप्प करायची एवढी नामी संधी मला सोडवेना. मी जाड स्प्रिंग ड्रॉवरमध्ये टाकली.

रविवारी दुपारी बोळ फुलून गेला. वस्तादाचा बाप पुढच्या खुर्चीत, फेटा बांधून, काठीवर दोन्ही हात. इचलकरंजीचा पावणा आधी खेळला. तो गावोगावच्या पेट्यांवर खेळलेला, त्याला सगळी हँडलं सारखीच. दोन-तीन हिसड्यांत त्यानं हात जुळवून घेतला आणि सहाव्या टप्प्यापर्यंत गेला. माईकवाला कुस्तीतलेच डाव ओरडत होता, "विमानानं पट काढला, पट काढला," आणि लोक हसत होते.

मग वस्ताद. त्यानं हँडल धरलं, पहिला हिसडा दिला आणि विमान पडद्याच्या पार कडेला गेलं. महिनाभर त्याच्या हातानं जो जोर शिकला होता तो सगळा इथं जास्त होत होता. थांबायचं तिथं विमान पुढं सरकायचं, चुकवायची ती गोळी अंगावर घ्यायचं. पहिलं विमान गेलं तेव्हा त्यानं मान वळवून माझ्याकडं बघितलं. फक्त एकदा. मग परत पडद्याकडं. तो काही बोलला नाही. बोलला असता तर खेळ थांबवता आला असता, आणि मी बोलले असते तरीही. चौथ्या टप्प्यात त्याचं तिसरं, शेवटचं विमान गेलं.

हलगी वाजली, पावण्याला फेटा बांधला, गदा दिली. वस्तादाचा बाप उठला, काठी टेकत निघून गेला. लेकाच्या अंगावरून गेला, पण थांबला नाही.

मांडव मोकळा झाल्यावर दादा पेटीपाशी आला. नेहमीच्या सवयीनं दोन बोटांनी हँडल हलवलं. त्याचा चेहरा उतरलेला मी पाहिला. "कुणी?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, "मी." पुढं आईचं, बायकांचं, त्यांच्या मनगटांचं सगळं घडाघडा सांगितलं. मी थांबल्यावर तो म्हणाला, "तुला मला हरवायचं हुतं तर मला हरवायचं. त्याला मधी कशाला घातलंस?"

कोंडीत सापडले की मी ओरडते, तशी ओरडले. वस्ताद म्हणवतो तर कुठल्याही हँडलावर खेळता आलं पाहिजे, मैदान म्हटलं की हारजीत आलीच, असलं काहीबाही. दादा कुलूप घेऊन बाहेर उभा राहिला, मी बाहेर येईपर्यंत.

त्यानंतर दहा-बारा दिवस वस्ताद आला नाही. दादा घरी माझ्याशी बोलेना. ताटावर बसलो की आईला म्हणायचा, "तिला सांग, मीठ दे म्हणावं." शेवटी आईच कडाडली, माझ्यावर. "माझं नाव सांगत हिंडतीयास व्हय गं? मी म्हटलंतं का हँडल बदल म्हणून? मरत हुतो तर मरत हुतो आम्ही. हसत तर हुतो की. तुझाच जीव जळत हुता, आमचा न्हाय." तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, की ते हसणं ओशाळं होतं हे मीच ठरवलं होतं. बायकांना मी कधी विचारलंच नव्हतं.

मी दादाला म्हटलं, "उद्या पेठेत जाऊया. मी सांगते त्याच्या बापाला." दादा म्हणाला, "बापाला?" मी म्हटलं, "बापालाच. लेकाला ठाऊकच हाय."

सकाळी गेलो तेव्हा पेठेतल्या दुधाच्या कट्ट्यावर म्हशींच्या धारा चालल्या होत्या. आमच्या कोल्हापुरात लोक म्हशीपाशीच पेला घेऊन उभे राहतात आणि गवळी सरळ पेल्यातच धार काढून देतो. तीन-चार तालमीची पोरं अंगाची माती न धुताच रांगेत होती. वस्ताद मागं शेणाची पाटी भरत होता. आम्हाला बघून तो थबकला. त्याचा बाप म्हशीखाली उकिडवा, डोकं तिच्या कुशीला टेकलेलं. त्यानं वर बघितलंच नाही.

मी उभ्याउभ्याच सांगितलं. हँडल मी बदललं. मुद्दाम बदललं. भावाची खोड मोडायला बदललं. तुमचा लेक कडक हँडलावर तयार झाला होता, मी त्याला हलकं दिलं, म्हणून तो हरला. त्याचं चुकलं नाही, माझं चुकलं. रांगेतली पोरं ऐकत होती, त्याची मला लाज वाटत होती. धार वाजत राहिली.

"तुला कळलंतं का?" बापानं विचारलं. कुणाला ते समजायला मला क्षणभर लागलं. तो लेकाला विचारत होता.

"पैल्या हिसड्यालाच," वस्ताद म्हणाला.

"मग बोलला न्हाईस?"

वस्तादाची पाटी हातातच.

बाप मग माझ्याकडं वळला. "आणि तू गं. तालमीत बारक्या पोरांचा मातीचा हौदा येगळा खणत्यात, मऊ. मोठ्यांचा येगळा. दोघं त्याच छपराखाली असत्यात. त्यात भांडायचं काय? ज्याला जसं लागतंय तसं द्यायचं. पर कुणाला काय देतुया ते सांगून द्यायचं." एवढंच. मला रागवलासुद्धा नाही, आणि ते मला जास्त लागलं. दादानं पुढं हँडलाखाली बाहेरून फिरवता येईल असा नट बसवला, पिळला की कडक, सोडला की हलकं, आणि शेजारी खूण रंगवली. गाळा बंद होईतो आमच्या सगळ्या पेट्यांना तो नट होता. पण त्या सकाळी हे सुचायला माझं डोकं जागेवर नव्हतं. मी वस्तादाकडं बघत होते.

बापानं रांगेतल्या पहिल्या पोराच्या हातातला पेला घेतला. त्या पोराला वाटलं, आपला भरतोय. बापानं तो काठोकाठ भरला, फेस वर आला, आणि रांगेच्या पलीकडं हात लांब केला.

कोल्हापुरात पैलवान कुणालाही म्हणतात. रिक्षावाल्याला म्हणतात, भाजीवाल्याला म्हणतात. त्या म्हाताऱ्यानं मात्र हा शब्द कधी स्वस्त केला नव्हता, आणि तालीम सोडल्यापासून लेकाला आपल्या हातानं धार दिली नव्हती. हे मला दादानं परत जाताना सांगितलं. त्या वेळी मला फक्त एवढं दिसलं, की रांगेतली पोरं एकदम वस्तादाकडं वळली.

"हारल्यावर मातीला नावं ठेवली न्हाईस," बाप म्हणाला. "धर, पैलवान."

वस्तादानं पाटी खाली ठेवली. हात शेणाचे होते म्हणून तो पुसायला काही शोधू लागला, सापडेना, तेव्हा तसाच दोन्ही तळव्यांत पेला धरला. पिता पिता तो रडत होता. बाप तोवर दुसऱ्या म्हशीखाली जाऊन बसला होता.